पणजीचा काळ आणि पुण्याचे पंचांग

मराठीतील चरित्रपर संशोधनाला एक जुनी खोड जडलेली आहे. चरित्रविषय कोणीही असो, पहिले प्रकरण ठरलेले असते : 'तत्कालीन सामाजिक, राजकीय व सांस्कृतिक पार्श्वभूमी'. त्यात पेशवाई बुडते, मिशनरी येतात, छापखाने निघतात, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू होते, १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा होतो, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन होते आणि १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून रणे माजतात. एवढे सगळे होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकरणात चरित्रविषयाचा जन्म होतो. जुन्या संगीत नाटकमंडळ्यांजवळ रस्त्याचा, राजवाड्याचा, बागेचा आणि अरण्याचा असे रंगवलेले पडदे असत. नाटक कोणतेही लागो, पडदे तेच. पार्श्वभूमीच्या प्रकरणाचेही तसेच झाले आहे. एका प्रबंधातून ते उचलून दुसऱ्यात नेऊन टांगले, तर परीक्षकांच्या तरी ते ध्यानात येईल का, याची शंका वाटते.

प्रबंधांपुरतीच ही गोष्ट मर्यादित असती, तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु स्त्रीवादी इतिहासलेखनाने जागवलेल्या आस्थेतून आता घराण्यातील एखाद्या पणजीचे वा खापरपणजीचे चरित्र तिच्या काळाच्या इतिहासाशी समांतर मांडण्याचा प्रकार रूढ होऊ पाहतो आहे, आणि तोच पडदा तिच्यामागे सोडला जात आहे. हेतूविषयी वाद नाही. कुलवृत्तान्तात 'अमक्याची पत्नी, माहेरचे आडनाव तमुक' एवढ्या ओळीवर बोळवण झालेल्या बाईला आयुष्य परत द्यावे, ही इच्छा आदरणीयच आहे. प्रश्न आहे तो कोणते आयुष्य परत दिले जाते हा, आणि तिचा म्हणून जो काळ दाखवला जातो तो मुळात कोणाचा हा.

आयुष्य आणि काळ यांची जोडी मांडण्याचा साचा मुळातच चुकीचा आहे, असे म्हणता येणार नाही. अंजली कीर्तने यांच्या 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' या १९९७ च्या ग्रंथात तो अन्वर्थक ठरतो, कारण तेथे दोन्ही बाजूंना कागद आहेत. आनंदीबाईंची पत्रे आहेत, कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेले इंग्रजी चरित्र आहे, काशीबाई कानिटकरांनी मराठीत सिद्ध केलेले चरित्र आहे. १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे आपण अमेरिकेला का जात आहोत हे भर सभेत सांगण्यासाठी आनंदीबाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे आयुष्य आणि त्यांचा काळ एकाच कागदावर उमटले. काळाने त्यांना प्रश्न विचारले होते, त्यांनी उत्तर दिले होते, आणि उत्तर जपले गेले होते. समांतर मांडणीची ही पूर्वअट आहे. जिच्याविषयी एक नाव, एक नथ, एखादे धूसर छायाचित्र आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या दोन आख्यायिका एवढेच शिल्लक आहे, तिच्याबाबतीत हा साचा वापरला की समांतर रेषांपैकी एक रेष कोरीच राहते. मग दुसऱ्या रेषेची शाई तिच्यावर सांडू दिली जाते.

ही शाई कशी सांडते, हे क्रियापदांवर नजर ठेवली तर कळते. मराठीने अनुमानासाठी फार बारीक सोय करून ठेवली आहे. 'प्लेगची वार्ता तिच्या कानी आली असेल' यात केवळ शक्यता आहे. 'आली असावी' यात कशाच्या तरी आधारे केलेला तर्क आहे. 'आली' हे विधान आहे आणि विधानाला पुरावा लागतो. (वाक्य नमुन्यादाखल घेतले आहे, कोणत्याही विशिष्ट पुस्तकाकडे बोट नाही.) आता या प्रकारच्या लेखनात 'असेल'चा 'असावे' होतो, दोन पानांनी 'असावे'चा 'असणारच' होतो आणि प्रकरणाच्या अखेरीस पणजी प्लेगच्या धास्तीने गाव सोडून शेतात झोपडी बांधून राहिलेली असते. मधल्या पानांत नवा कागद सापडलेला नसतो. फक्त क्रियापदाचा अर्थ बदललेला असतो. कालिक नोंदींच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असणारे अभ्यासकही व्याकरणाच्या या घसरणीकडे पाहत नाहीत, हे आश्चर्य आहे. साधनचिकित्सा म्हणजे केवळ तळटीप तपासणे, असा आपला समज झालेला दिसतो.

रिकाम्या रेषेत जे भरले जाते, ते कोठून येते? येथे एक योगायोग पाहण्यासारखा आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटना'ची नायिका यमुना. हरि नारायण आपट्यांनी १८९० पासून 'करमणुकी'त ज्या बाईची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली, ती यमू. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, आणि आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. दोन कल्पित, दोन खऱ्या. नाव त्या काळी सर्रास आढळणारे होते, म्हणून योगायोगातून सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. परंतु या चार यमुनांनी मिळून एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीची जी प्रतिमा घडवली, ती आज इतकी सर्वव्यापी आहे की घराघरांतील आठवणीही तिच्याच साच्यात ओतून निघतात. पती रात्री दिव्यापाशी मुळाक्षरे गिरवून घेतो, घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारतात, ती मुकाट्याने सोसते आणि शिकते. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात हा प्रसंग एका विशिष्ट घरातला, एका विशिष्ट न्यायाधीशाच्या घरातला आहे. पुढे तो कोणाच्याही पणजीचा होतो. कुटुंबात चालत आलेली आठवण ही मौखिक असल्यामुळे अस्सल असते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे की सांगणारी आजी शाळेत गेलेली होती, आणि शाळेत तिने वाचले होते. संहिता संहितेतून जन्मते हे तत्त्व आपण कादंबरीला लावतो. आठवणीला लावताना कचरतो.

या पद्धतीची कसोटी पुण्यात लागत नाही. पुण्याच्या पेठेतील सुशिक्षित ब्राह्मण घरातल्या पणजीला हा उसना काळ थोडाफार अंगाला बसतो, आणि त्यामुळे तो उसना आहे हे कळत नाही. कसोटी लावायची तर केळव्यासारखे गाव घ्यावे. आज पालघर जिल्ह्यात असलेले, एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडणारे हे किनाऱ्यावरचे गाव. पोर्तुगीज अंमलाच्या खुणा वागवणारे, १७३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेत त्या अंमलातून सुटलेले. वाडवळ, भंडारी, मांगेले अशा जातींच्या वस्तीचे. पानवेलींच्या आणि केळींच्या वाड्यांचे. रहाटाच्या पाण्यावर जगणारे. समजा, १८६० च्या सुमारास या गावात जन्मलेल्या एका बाईचे चरित्र तिच्या पणतीला लिहायचे आहे. रूढ साचा तिला सांगतो : पार्श्वभूमी लिहा. आणि ती लिहू लागते : १८४८, पुणे, १८५६, १८९१. केळव्यातल्या त्या बाईच्या दारावरून यांतली एकही तारीख गेली होती का, हा प्रश्न विचारला जात नाही. किंवा विचारला गेलाच, तर 'तिच्यापर्यंत या सुधारणांचे वारे पोहोचलेही नसतील' अशा एका करुण वाक्यात निकालात काढला जातो. म्हणजे ज्या काळाशी तिचा संबंध नव्हता, त्या काळाने तिला वंचित ठरवायचे! पुण्याच्या पंचांगात केळव्याची तिथी नाही, यात दोष केळव्याचा ठरतो.

या परिसराला वंशेतिहासाचे वावडे होते असे मुळीच नाही. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' ही याच उत्तर कोकणपट्टीची स्मृती आहे. तिच्या जुन्या भागाचा काळ शके १३७० पर्यंत मागे जातो. कुळे, गोत्रे, वंश, वृत्ती, कोणी कोणते गाव कसे मिळवले याचे बारीक हिशेब त्यात आहेत. मात्र ही स्मृती बापाकडून लेकाकडे सरकते. साठोत्तरी काळात देशीवादाने पुण्या-मुंबईच्या केंद्राविरुद्ध जो आवाज उठवला, त्याचे ऋण मान्य करूनही येथे एक गोष्ट नोंदवावी लागते : केंद्र सोडून गावाकडे वळणाऱ्याच्या हाती प्रथम जे सापडते ते कुळांचे दप्तर असते, आणि त्या दप्तरात बाई अनामिकच असते. पुण्याच्या पंचांगातून सुटका म्हणून बखरीकडे धावणाऱ्याने एवढे जाणून धावावे. दुसरीकडे इंग्रजांचे दप्तर आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जातवार वर्णने आहेत. बायकांचे लुगडे, दागिने, लग्नाचा खर्च यांची माहिती आहे. तेथे बाई आहे, पण केवळ अनेकवचनात.

मग केळव्यातल्या त्या बाईचा काळ कोणता? तो शोधता येतो; पण त्यासाठी आधी पडदा गुंडाळून ठेवावा लागतो. गावात शीतलादेवीचे देऊळ आहे. ज्या शतकात देवीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडत, त्या शतकातल्या आईच्या दृष्टीने हे देऊळ म्हणजे स्थापत्याचा नमुना नव्हता. 'देवी येणे' हा रोग आणि 'देवी काढणे' ही लस, या दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेत त्या आईचे अर्धे आयुष्य साठवलेले आहे. जन्माचे साल ठाऊक नसलेली माणसे साथीच्या, वादळाच्या, दुष्काळाच्या खुणेने वय सांगत. ही कालगणना अडाणीपणाची म्हणून बाजूला सारायची आणि तिच्या जागी लोकसभांचे ठराव बसवायचे, हा कोणता इतिहास?

बाई भंडाऱ्याच्या घरची असेल, तर १८७८ चा मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा तिच्या चुलीपर्यंत आला. झाडावरचा कर, ताडी काढण्याचा परवाना, गाळण्यावरचे निर्बंध यांनी त्या घराची मिळकत आणि घरातली कामाची वाटणी बदलली. १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवर बंधने आणली, तीही ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत. त्याचा जाच जंगलपट्टीतल्या घरांना झाला. बाई वाडवळाच्या वाडीतली असेल, तर १८६० च्या दशकात मुंबईला गुजरातशी जोडणारा लोहमार्ग गावाच्या पूर्वेकडून गेला, ही तिच्या आयुष्यातली मोठी घटना. पान ही नाशवंत वस्तू. गाडीने तिला दूरचा बाजार खुला केला, आणि बाजार लांबला की वाडीतले काम लांबते, पहाट अलीकडे येते. ही १८६० च्या दशकाची नोंद पार्श्वभूमीच्या प्रकरणात असतेच. फक्त तेथे रेल्वे 'नव्या विचारांचे वाहन' म्हणून येते. पानांच्या टोपल्या तिच्यात कोणी चढवत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याचे आहे, आणि त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. पुण्याच्या पंचांगात ही तिथी सणाची. उच्चवर्णीय विधवेला ज्याने लग्नाची मोकळीक दिली, तो हा कायदा. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने असे ठरवले की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपेल, जणू ती त्या घराला मेली. ज्या जातींत विधवाविवाहाला मज्जाव होता, तेथील बाईच्या दृष्टीने हा एका नव्या हक्काबरोबर आलेला तोटा होता. पण ज्या जातींत पाट पूर्वीपासून रूढ होता, त्यांना या कायद्याने दिले काय? मोकळीक त्यांना आधीपासून होती. प्रश्न निर्माण झाला तो असा, की आपल्या जातीच्या चालीने लग्न करणाऱ्या विधवेलाही हे दुसरे कलम लागू होते का. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ च्या 'विठू विरुद्ध गोविंदा' या निकालात, जातीच्या चालीने पाट लावणाऱ्या बाईचाही हक्क संपतो असे ठरवले. उत्तर कोकणात पाट लावणाऱ्या जाती थोड्याथोडक्या नव्हत्या. म्हणजे केळव्याच्या आसपासच्या एखाद्या बाईच्या आयुष्यात १८५६ ची तिथी पोहोचलीच असेल, तर ती मुक्तीच्या दिशेने नव्हे, उलट्या दिशेने पोहोचली असण्याची शक्यता आहे. तिच्या पणतीने मात्र पहिल्या प्रकरणात तोच कायदा स्त्रीमुक्तीच्या वाटेवरला मैलाचा दगड म्हणून लिहिलेला असतो. पार्श्वभूमी आणि चरित्र यांच्यात येथे निव्वळ विसंगती उरत नाही. पार्श्वभूमी चरित्राविरुद्ध खोटी साक्ष देते.

या कायद्याची सावली एका परिचित चरित्रावरही पडलेली आहे. डॉ. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला; त्यांच्या सुतार जातीत त्याला प्रत्यवाय नव्हता. त्याआधी पतीची मालमत्ता त्यांनी लहानग्या लेकीच्या नावे करून दिली. १८८४ पासून दादाजी भिकाजींनी चालवलेल्या, सबंध इलाखा ढवळून काढणाऱ्या दाव्याच्या मुळाशी ही मालमत्ताही होती. रखमाबाईंचे चरित्र आपल्याकडे लिहिले गेले, त्यांचा काळ चर्चिला गेला. जयंतीबाई मात्र त्या चरित्राच्या आरंभीच्या पानांत एक पूर्वपीठिका म्हणून येतात आणि मुलीचे नाव ठळक होताच मागे सरतात. पूर्वजेचा शोध घ्यायचा तर घ्यावा असा हा जिवंत विषय. पण तेथे पडदा पुरत नाही. तेथे मालमत्तेचे कागद वाचावे लागतात.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो गंभीर आहे. कागदांचाच आग्रह धरला तर ज्यांच्याविषयी कागद नाहीत त्या बायका कायमच्या इतिहासाबाहेर राहतील. कल्पनाशक्तीशिवाय त्यांना आत आणता येणार नाही. कल्पनाशक्तीला येथे कोणाचाच विरोध नाही. श्री. ज. जोशी यांनी १९६८ मध्ये 'आनंदी गोपाळ' लिहिली ती कादंबरी म्हणून. वाचकाने ती कोणत्या करारावर वाचावी हे मुखपृष्ठावरच ठरले होते. आपत्ती आहे ती कादंबरीचा हक्क आणि इतिहासाची प्रतिष्ठा दोन्ही एकाच वेळी मागण्याला. शिवाय कागद नाहीत असे म्हणताना बहुतेक वेळा शोधलेले नाहीत एवढेच खरे असते. आणि खरोखरच नसतील तर नाहीत असे लिहिण्याचे धैर्यही असावे. 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली, स. गं. मालशे यांनी ती १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणली. तरी ताराबाई शिंदे यांच्या आयुष्याविषयीची विश्वसनीय माहिती दोन-तीन पानांत संपते. एवढे जळजळीत पुस्तक लिहिणाऱ्या बाईचा मागमूस समाजाने ठेवला नाही, ही गोष्ट त्या दोन-तीन पानांच्या तोकडेपणातूनच कळते. ती पाने फुगवून तीनशे केली की पहिला बळी या पुराव्याचा जातो.

आणखी एक गोष्ट या लेखनात हमखास दिसते, तिचा उलगडा कोणी केलेला नाही. प्रत्येक माणसाला पणज्या चार असतात. चरित्र मात्र जवळजवळ नेहमी एकीचेच लिहिले जाते : वडिलांच्या वडिलांच्या आईचे. कारण उघड आहे. आडनाव तिचे, घर तिचे, फोटो भिंतीवर तिचा. पण घराण्याच्या दृष्टीने तिचा जन्म लग्नाच्या दिवशी झालेला असतो. त्या दिवशी तिचे नावही बदललेले असते. आधीची आठ-दहा वर्षे दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने, दुसऱ्याच्या दप्तरात गेलेली. म्हणजे स्त्रीच्या शोधात निघालेली पणती पुन्हा पुरुषांच्या रेषेवरूनच चालत जाते आणि ज्या घरात बाई सून म्हणून आली त्या घराची गोष्ट सांगून परतते. आईच्या आईची आई शोधायची तर दर पिढीला गाव बदलते, आडनाव बदलते, कधीकधी बोलीही बदलते. वसईपासून डहाणूपर्यंतच्या वाडवळीतली ओवी एकीच्या तोंडून दुसरीकडे गेली, ती याच वाटेने गेली. ती टिपून घेतानाही तिची वाडवळी घासूनपुसून प्रमाण मराठी करण्याचा मोह संकलकांना आवरत नाही, हा वेगळाच विषय.

ही वाट कोणत्याही कुलवृत्तान्ताच्या तक्त्यावर काढलेली नसते. तिच्यावर बाई नावानिशी भेटते ती बहुधा तंट्यातच : पती गेल्यावर खात्यावर चढलेले नाव, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून केलेला अंगठा, दिराने घातलेला दावा, पाट लावल्यावर गेलेली वाडी. जिल्हा न्यायालयांच्या जुन्या दप्तरांत असे कागद धुंडाळण्याचे काम मराठी विभागांनी आपले मानलेले नाही. ते इतिहासवाल्यांचे, असे म्हणून सोडून दिले आहे. आणि तेथे पोहोचल्यावरही शोधणाऱ्याने सावध असावे. १८९६ च्या त्या निकालात सगळा प्रश्न एका पाट लावलेल्या बाईच्या हक्काचा होता. खटल्याच्या नावात एक विठू आहे आणि एक गोविंदा.